न्हाणीचं भाण

पहिल्या घावाला भांडं नुसतं वाकलं. दुसऱ्या घावाला त्याच्या पोटाला चीर गेली, आणि अबकारीचे जमादार खराडे हातोडा शिपायाकडे देत म्हणाले, "आता तू मार. माझा खांदा दुखतोय."

आमच्या खळ्यात अर्धा गाव जमला होता. साल एकोणीसशे पन्नास, एप्रिल महिना. डोंगरावर काजूचे बोंडू पिकून झाडांखाली पडले होते. दरवर्षी या दिवसांत परसातून आमच्या भट्टीचा धूर वर चढायचा, त्या जागी नुसतं रखरखीत ऊन होतं. मुंबई राज्यात दारूबंदी आली होती. संस्थान विलीन झालं, आणि संस्थानानं माझ्या पणजोबांना दिलेला परवाना निकामी झाला.

भिकाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, खळ्याच्या कडेला उकिडवे बसून हमसून हमसून रडत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. बाबा तुळशीपाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांचे डोळे कोरडे होते.

"राघोबा, मनाला लावून घेऊ नका," जमादार म्हणाले. "कायदा सगळ्यांना सारखा."

"होय," बाबा म्हणाले.

"आणखी काही लपवलेलं नाही ना घरात?"

बाबांनी उत्तर देण्याआधीच काकांनी हंबरडा फोडला, "साहेबांनू, आणि काय आसतलां आमच्याकडे? आमच्या आज्याचो जीव होतो तो!"

जमादारांनी मान हलवली. शिपायांनी तांब्याचे तुकडे गोणत्यात भरले आणि मंडळी निघून गेली. काका थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग उठले, पंच्यानं तोंड पुसलं आणि ताडताड खाडीच्या वाटेला लागले. रडून उठलेला माणूस असा चालत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं. पुढचं काही आलं नाही.

आता आमच्या भट्टीवर शहरांतून माणसं येतात. माझा नातू त्यांना बोंडू तुडवायची दगडी कोंड दाखवतो, चुली दाखवतो आणि मग घराण्याचा इतिहास सांगतो. पणजोबांनी भट्टी कशी घातली, दारूबंदी कशी आली, आणि त्याची आजी, म्हणजे मी, नवरीच्या साजात हसत हसत खाडी उतरून कशी आली. माणसं टाळ्या वाजवतात. मी आत बसून ऐकते. त्यातलं 'हसत हसत' त्यानं पदरचं घातलेलं आहे.

मी तेव्हा द्वारका राघोबा आसोलकर होते. आमचं गाव खारवळ, तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडच्या काठाला. पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. देव एक, बोली एक, सोयरीक एकमेकांत. मधे फक्त पाणी, आणि दोन्ही काठांना एकेक नाका.

गावातल्या मुलींत सातवीची फायनल पास झालेली मी एकटीच. जूनमध्ये मला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं बाबांनी कबूल केलं होतं, तेही शाळेच्या मास्तरांसमोर. बाबांचा शब्द गावात चालायचा. बांधावरून भांडण झालं की लोक म्हणायचे, "राघोबाक इचारा." ते खोटं बोलत नसत. दारू गाळणारा माणूस आणि खोटं बोलत नाही, याचं परगावच्यांना नवल वाटायचं.

भट्टीवर तांब्याचं मोठ्या पोटाचं जे भांडं चढवतात, त्याला आम्ही भाण म्हणतो. न्हाणीत पाणी तापवायच्या हंड्यालाही भाणच म्हणतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखीच, फक्त भट्टीच्या भाणाला मानेपाशी वाफेच्या नळीसाठी भोक असतं. आमचं भाण पणजोबांनी घडवून घेतलेलं. नवं भांडं घ्या असं कोणी म्हटलं की काका उसळायचे, "नव्या भांड्यात दारू होतली, आमची होवची नाय." मी लहानपणापासून बाबांच्या शेजारी त्या चुलीपाशी बसत आले होते. जाळ कधी सारायचा, कधी ओढायचा, नळीतून दारूची धार कशी पडायला लागली की तोडायची, हे मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

भाण फोडलं, आणि त्यानंतर आमच्या घराचं काहीतरी बिनसलं. दुःख असतं तर मला समजलं असतं. दुःखात माणसं बसून राहतात. आमच्याकडे कोणी बसतच नव्हतं. काका सकाळी खाडीवर जायचे, दुपारी यायचे, जेवता जेवता उठून पुन्हा जायचे. आई परसात चिंच कोळत असायची. एवढी चिंच कशाला म्हणून विचारलं तर म्हणायची, "भांडी घासूक." गवताच्या मांगरात जायला मला बंदी झाली. तिथं जनावर, म्हणजे साप, दिसलं म्हणे. बाबा ओटीवरून खळ्यात, खळ्यातून ओटीवर नुसत्या येरझारा घालत. मी समोर आले की वळायचे.

अशात एका दुपारी काका आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "द्वारकाचां लगीन ठरलां."

मी तांदूळ निवडत होते. सूप कलंडलं.

"पलीकडे, मानशेवाड्याक," काका म्हणाले. "विश्राम तळवणेकर. घरचो काजीचो डोंगर आसा, बारमाही झरो आसा. चांगलो माणूस. ह्या सोमवारी मुहूर्त."

मी बाबांकडे बघितलं. ते दारात होते.

"बाबांनू, आणि कॉलेज?"

"पोरी..." ते म्हणाले आणि थांबले. "मगे बघूया."

"मगे म्हणजे केवा?"

"द्वारका!" आई चुलीकडून ओरडली. "बापाशीक असां इचारतत?"

बाबा खळ्यात निघून गेले. सांडलेले तांदूळ मी एकेक करून गोळा करत बसले. हातांना काहीतरी काम हवं होतं.

लग्न इतक्या घाईनं ठरलं की लोक बोलणारच. विहिरीवरच्या बायका माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. मला भाकरी गिळेना, एका जागी बसवेना. सकाळी उठून खाडीवर जायचे, पलीकडचा डोंगर बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. आई केसांना तेल लावत होती तेव्हा मी विचारलं, "आये, माझ्यात काय खोट निघाली?"

तिची बोटं थांबली. "तुझ्यात नाय गो."

"मगे कोणात?"

तिनं वेणीचा पेड असा ओढला की डोळ्यांत पाणी आलं. "गप रव," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला.

सोमवारी लग्न लागलं. नवऱ्याचा चेहरा मी धड पाहिलाही नाही. अंतरपाटाखालून त्याचे पाय दिसले, माळ घालताना हात दिसले. काजूच्या डिकानं काळे पडलेले अंगठे, पंजे रुंद. जेवणं उरकताच निघायची घाई सुरू झाली. ओहोटीच्या आत उतरायला हवं, काका म्हणत होते. माझी ट्रंक, गादी, तांदळाचं पोतं, नारळ असं सगळं खाडीवर गेलं. त्यात एक न्हाणीचं भाणही होतं. त्याला तांबडं कापड गुंडाळलेलं, मानेला आंब्याच्या पानांची माळ, आत काठोकाठ लाडू. आईनं न्हाणीतलं स्वतःचं भाण मला दिलं, असं वाटून मला भरून आलं.

नाक्यासमोर चौघांनी ते खांद्यावरून उतरवलं, तेव्हा पोटावरचं कापड घसरलं.

तिथं एक पोचा होता. मी लहान असताना माडावरून नारळ पडून गेलेला, डाव्या अंगाला, तळव्याएवढा. त्या पोच्यावर हात ठेवून मी चुलीपाशी कितीदा झोपले असेन.

मग सगळं एकदमच कळलं. चिंच कशाला कोळत होते, मांगरात काय दिसलं होतं, काका का रडले. जमादारांनी फोडलं ते कुठल्या तरी मोडीतलं गळकं भांडं होतं. पलीकडे दारू गाळायला बंदी नव्हती, मात्र लायसन तिथल्याच रहिवाशाला मिळायचं. म्हणून विश्राम, म्हणून काजीचा डोंगर, म्हणून झरा. येणारी जाणारी प्रत्येक होडी तपासत होते, फक्त नवरीचं सामान कोणी उघडत नसे. म्हणून सोमवारचं लग्न. भाण माझ्याबरोबर जात नव्हतं, मी भाणाबरोबर जात होते.

जमादार खराडे नाक्याच्या बाकावर बसले होते.

"काय राघोबा, पोरीचं लग्न? आणि आम्हाला आवतण नाही?"

"घाईत ठरलां, साहेबांनू," काका पुढे झाले. "तोंड गोड करा."

जमादारांनी स्वतःच भाणात हात घालून लाडू काढला. तोंडाशी नेला आणि थांबले. वास घेतला. पुन्हा घेतला.

"ह्याला कसला वास येतोय?"

"काजूचो, साहेब. काजूगर घातलेत."

"मी साताऱ्याकडचा, पण इथं येऊन काजूगर पुष्कळ खाल्ले," जमादार म्हणाले. "काजूगराला असा वास येत नाही."

ते उठले आणि त्यांनी भाणाच्या मानेकडे, त्या आंब्याच्या पानांकडे हात नेला. नळीचं भोक तिथंच होतं.

"साहेब, शकुनाची पानां ती!" काका ओरडले. "न्हवरी पलीकडच्या काठाक लागल्याबगर काढू नयेत!"

वरातीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. जमादारांचा हात हवेत राहिला. मग तो त्यांनी खाली घेतला, लाडू बाकावर ठेवला आणि बाबांकडे वळले.

"राघोबा, मी या गावात आल्यापासून सगळे मला एकच सांगतात. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही सांगा, हे भाण कुणाचं?"

मुंडावळ्यांच्या आडून मला बाबांचा चेहरा दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि मान वळवून ते खाडीच्या पाण्याकडे बघायला लागले.

"राघोबा?"

काकांचा रंग उडाला होता. आईची नखं माझ्या कोपरात रुतली होती. बाबा पाण्याकडेच बघत होते.

जमादार माझ्यासमोर आले. "पोरी, तू सांग. शिकलेली आहेस म्हणतात. हे भाण कुणाचं?"

माझं नाही, असं म्हटलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. हातोडा आला असता, बाबांना आणि काकांना घेऊन गेले असते. वरात परत फिरली असती आणि मी अलीकडेच राहिले असते. कॉलेजही अलीकडेच होतं. हे सगळं माझ्या मनात आलं. मला कुणाचीही दया आली नाही. आला तो राग. इतके दिवस ज्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, ते सगळे आता माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि ज्यांनी बघावं असं मला वाटत होतं, ते बघत नव्हते.

"माझं," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांग."

"माझं आहे. माझ्या न्हाणीचं भाण. बाबांनी मला दिलंय."

"नीट विचार कर. उद्या यातून दुसरं काही निघालं, तर मी तुझ्या बापाला विचारणार नाही, काकाला विचारणार नाही. तुला धरीन."

"धरा."

जमादारांनी सभोवार बघितलं. "सगळ्यांनी ऐकलं? भाण हिचं."

"ऐकलां, ऐकलां," होडीवाले म्हणाले.

ते पुन्हा बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला अजून वाटतं.

होडीत चढताना काका कानाशी आले, "शाबास गो! वाघीण आसंस! उद्या सकाळी येतंय मी, चूल घालूक." बाबा काठापर्यंत आलेच नाहीत. नाक्याच्या कुडापाशी उभे होते, होडी निम्म्यावर गेली तरी तिथंच.

भाणाच्या वजनानं होडी एका अंगाला कलत होती. विश्राम ते धरून माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "तुका भिया नाय वाटला?"

"तुमका ठाऊक होतां?"

"होय. तसांच ठरललां. भाण येतलां, लायसन माझ्या नावाक, भट्टी काका चालवतले."

"आणि मी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मी त्याचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. साधा, उन्हानं रापलेला, आणि त्या क्षणी पार गोंधळलेला.

"तुका कोणी सांगूक नाय?"

"नाय."

"माका वाटला..." तो म्हणाला. "काका बोलले, चेडू राजी आसा."

होडी पलीकडे लागत आली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुका परत जावचां आसात, तर उद्या सकाळची होडी आसा. मी स्वतः पोचयतंय."

इतक्या दिवसांत मला काय हवं ते विचारणारा तो पहिला माणूस. पलीकडच्या नाक्यावर पोर्तुगीजांचा पहारेकरी बसला होता. त्यानं लाडू खाल्ला, वासबीस काही घेतला नाही, आणि आणखी दोन मागून घेतले.

सकाळी मी होडीच्या वेळेला खाडीवर गेले. खरंच गेले होते. परत जायचं ठरवलं नव्हतं, राहायचंही ठरवलं नव्हतं. पाय एका जागी टिकत नव्हते म्हणून काठानं वर खाली चालत होते. होडी आली आणि तिच्यातून काका उतरले. बगलेत कपड्यांचं बोचकं, खांद्यावर नळी.

"चल, चल," ते लांबूनच म्हणाले. "बोंडू कुसाक लागलेत."

झऱ्याजवळ विश्रामनं मांगर रिकामा करून ठेवला होता. मधोमध भाण होतं. काकांनी धोतर खोचलं, चुलीची जागा पायानं आखली, विश्रामच्या हातात कुदळ दिली. मग मला म्हणाले, "तू घरात जा गो. ह्यां बायलमाणसांचां काम नाय."

मी भाणाच्या काठावर हात ठेवला.

"काकांनू, भाण कोणाचां?"

"काय?"

"ह्यां भाण. कोणाचां तां?"

काका हसले. "आमच्या आज्याचां. आसोलकरांचां."

"काल नाक्यावर तुम्ही असां सांगूक नाय."

"गो, तां जमादाराक सांगूचां म्हणान..."

"तां मी सांगलां. तुम्ही नाय, बाबांनी नाय. काय निघालां तर माका धरतलो, असां जमादार सगळ्यांसमोर बोललो. होडयेवाल्यांनी ऐकलां. तुम्ही पण ऐकलात. तेवा कित्याक बोललात नाय, भाण आसोलकरांचां म्हणान?"

काकांचं हसू गेलं. ते विश्रामकडे वळले. "जावयबापू, हिका समजवा."

विश्राम कुदळीवर रेलून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भाणाकडे.

"लायसन माझ्या नावाक आसा," तो सावकाश म्हणाला. "पण भाण तिचां. काल मी थंयच होतंय. मी पण ऐकलां."

"असां काय?" काका लाल झाले. "मगे मी माझां भाण परत घेवन जातंय! आत्ताच्या आत्ता!"

"न्हेवा," मी म्हटलं. "त्याच नाक्यावरसून न्हेवा."

काका उभेच राहिले. मग ते खाली दगडावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. मला त्यांचं वाईटही वाटलं. ते लबाड होते, पण त्या भट्टीवर त्यांचा जीव होता, आणि नुसत्या खरेपणापायी बाबा ती पाण्यात जाऊ देणार होते, हेही खरंच होतं.

"मगे आता काय म्हणतंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चूल घाला. पयलो जाळ मी घालतलंय. आणि धार केवा तोडूची, तां मी सांगतलंय."

काकांनी काहीतरी पुटपुटत कुदळ घेतली.

ते मरेपर्यंत माझ्याबरोबर राबले. मला 'मालकीण' म्हणायचे. आधी टोचून, मग सवयीनं. पहिल्याच मोसमात आमच्या दारूची चव खारवळात होती तीच उतरली, आणि मानशेवाड्याचे लोक डोंगर उतरून यायला लागले. जून आला. कॉलेज उघडायच्या दिवशी मी सकाळी खाडीवर जाऊन उभी राहिले. मला कोणी अडवलं नव्हतं. होडी आली, उभी राहिली, गेली. मी परत आले. विश्रामनं चुलीवरचा चहा माझ्यापुढे सरकवला.

वर्षभरात आई दोनदा येऊन गेली. बाबा आले नाहीत. लोकांच्या भांडणांचा न्यायनिवाडाही त्यांनी सोडला, असं आईनं सांगितलं. कोणी विचारायला आलं की म्हणत, "दुसऱ्या कोणाक इचारा." पुढच्या मोसमात मला मुलगा झाला, आणि तो महिन्याचा झाल्यावर एका संध्याकाळी ते होडीतून उतरले. वाळले होते. नातवाला मांडीवर घेतलं, कपाळाला अंगठा लावला, आणि मग मांगराकडे आले. भट्टी लागलेली होती. काका बोंडू आणायला डोंगरात गेले होते.

मी करवंटीत थोडी दारू धरून त्यांच्यापुढे केली. त्यांनी वास घेतला आणि न पिता ती खाली ठेवली. आम्ही दोघं चुलीपाशी बसलो. माझ्या मनात एक गोष्ट वर्षभर घोळत होती. ती आता विचारली नसती तर कधीच विचारली नसती.

"बाबांनू, त्या दिवशी नाक्यावर तुम्ही पाण्याकडे कित्याक बघलात?"



"तुझ्याकडे बघवूक नाय."

"मी 'नाय' म्हटलां असतां तर?"

"मी तेचीच वाट बघी होतंय," बाबा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माका वाटला, तू रागान 'नाय' म्हणतलंस," ते म्हणाले. "शिकलेलां चेडू. जमादार भाण फोडतलो, आमका न्हेतलो, आणि तू अलीकडेच रवतलंस. मास्तरांका मी सांगून ठेवलेलां. माका न्हेलानी तरी जून म्हयन्यात तुमी तिका कॉलेजात पोचवा म्हणान."

"मगे तुम्हीच कित्याक नाय सांगलात?"

"भाऊ समोर होतो. भाण आज्याचां." ते तळहात गुडघ्यांवर घासत राहिले. "जलमभर खरां बोललंय. त्या टायमाक माझ्यान झालां नाय. तुझ्यावर टाकलंय."

मी बापाला वाचवलं, असं मी वर्षभर समजत होते. त्याच समजुतीवर मी पहिला जाळ घातला होता, काकांशी भांडले होते, रागावले होते आणि क्षमाही केली होती. आता त्याचं काय करायचं ते मला कळेना. रडूही येईना. समोरची धार एकदम फुसफुसत यायला लागली. जाळ जास्त झाला होता. मी उठले, चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं आणि पाणी मारून विझवलं.

वळून बघितलं तर बाबांनी करवंटी उचलली होती. त्यांनी ती हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि मला देण्यासाठी हात पुढे केला. मी करवंटी घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले. घरात मूल रडायला लागलं, विश्राम त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागला, तरी आम्ही दोघंही बराच वेळ उठलो नाही.